सासऱ्यांच्या कपाटातले कॅटलॉग: काय ठेवू, काय देऊ?

रानजाई | ९ मे, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासात जातेय. जूनअखेर खोल्या रिकाम्या करून द्यायच्या आहेत. दहिसरला भाड्याचं घर मिळालंय, एका बेडरूमचं, आणि आम्ही माणसं चार. माझे सासरे, अण्णा, शाळेत चित्रकला शिकवायचे. गेल्या दिवाळीनंतर ते गेले. त्यांचं एक लोखंडी कपाट आहे, आणि त्या कपाटात मी लग्न होऊन आल्यापासून कधी कपडे पाहिले नाहीत. प्रदर्शनांचे कॅटलॉग आहेत सगळे. सगळ्यात जुना १९६१चा.

जहांगीर आर्ट गॅलरीत मंगळवारी नवीन प्रदर्शन लागलं की त्या आठवड्यात अण्णा शाळा सुटल्यावर एकदा तरी जायचेच, गिरगावातून चालत. येताना तो घडीचा कागद घेऊन यायचे: चित्रकाराचं नाव, दोन-चार चित्रं, मागे यादी. असे शेकडो आहेत. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांची पुस्तकंही आहेत. अलीकडचे म्युझियमचे जाडजूड कॅटलॉग आम्हीच त्यांना वाढदिवसाला द्यायचो.

नवरा म्हणतो जाडे ठेवू, पातळ कागद रद्दीत. मुलगी म्हणते सगळ्याचे फोटो काढू. मला यातलं काही कळत नाही, पण रद्दीवाल्याला फोन लावायला हातही उचलत नाही. काय ठेवावं? असलं कोणी घेतं का? आणि तुम्ही स्वतः कॅटलॉग विकत घेता का? घेतलात तर पुन्हा कधी उघडता का?

सदू_डोंबिवली | ९ मे, रात्री ११:३४

रद्दीवाल्याला फोन करू नका. बाकी उद्या सविस्तर लिहितो.

नेटकर_ठाणे | १० मे, सकाळी ७:५२

रानजाई, तुमच्या मुलीचं बरोबर आहे असं माझं मत. मी पूर्वी कॅटलॉग घ्यायचो. दोन-अडीच हजारांचं पुस्तक, वजन अडीच किलो, दोनदा उघडलं आणि मग माळ्यावर. आता मोठ्या संग्रहालयांनी चित्रं नेटवर टाकली आहेत. आपल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या वस्तू गूगल आर्ट्स अँड कल्चरवर दिसतात, आणि लघुचित्र तर इतकं मोठं करता येतं की दागिन्यातला मोती न् मोती मोजावा. पुस्तकात ते होत नाही, आणि खरं सांगायचं तर दालनातही होत नाही, कारण तिथे प्रकाश मंद असतो. चौघांच्या एका बेडरूममध्ये कपाटभर कागद ठेवणं माणसांवर अन्याय आहे. अण्णांची आठवण म्हणून दहा ठेवा.

कुंचला | १० मे, सकाळी ९:१०

प्रकाश मंद असतो त्याला कारण आहे, नेटकर. कागदावरची चित्रं साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं माप) आसपासच दाखवतात, आणि तीसुद्धा काही महिनेच. मग ती अंधारात विश्रांतीला जातात. प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही. म्हणून तर कॅटलॉग हवा. जे चित्र पुढची कित्येक वर्षं पेटीतून बाहेर येणार नाही, ते तेवढं तुमच्या घरी राहतं.

पण नेटवर झूम करून पाहण्यात मजा आहे, हे मान्य.

शाईचा_डाग | १० मे, दुपारी १:२५

मी कलेच्या इतिहासाची विद्यार्थिनी आहे आणि हा धागा वाचून जेवण अर्धवट टाकून लिहितेय.

रानजाईताई, तुमच्या घरी विचार चाललाय त्याच्या नेमकं उलटं करा. जाडे कॅटलॉग कुठेही मिळतात: म्युझियमच्या ग्रंथालयात, महाविद्यालयांत, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत. हजारो छापलेले असतात. तो घडीचा कागद मात्र कुठेही नसतो. आठवडाभराचं प्रदर्शन, दोनेकशे प्रती, पाहणाऱ्याने बसमध्ये बसेपर्यंत घडी घालून खिशात टाकलेला. ग्रंथालयं तो पुस्तक म्हणून नोंदवत नाहीत. आणि आम्हाला संशोधनात नेमका तोच लागतो, कारण अमुक चित्र अमुक साली अमुक ठिकाणी टांगलेलं होतं, त्याचं तेव्हाचं नाव हे होतं, आकार हा होता, हे सांगणारा बहुतेक वेळा तो एकच कागद असतो.

साधं उदाहरण देते. एखादं चित्र बाजारात येतं, मागे साठच्या दशकातली तारीख आहे. खरं की खोटं? पहिलं काम म्हणजे त्या वर्षीच्या यादीत ते आहे का ते पाहायचं. नाव, माध्यम, उंची, रुंदी जुळतात का? (उंची आधी लिहितात, रुंदी नंतर. उलटं वाचलं की उभं चित्र आडवं होतं.) चित्र कोणाकडून कोणाकडे गेलं ही साखळी जिथे तुटते तिथेच खोटी चित्रं घुसतात.

प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईतल्या आधुनिक कलावंतांच्या गटाचंच पाहा. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. १९४९ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या सलॉनमध्ये, रॅम्पार्ट रोवर, त्यांनी प्रदर्शन भरवलं. त्याच्या कॅटलॉगमध्ये सूझांनी लिहिलेला मजकूर आजही या गटावर लिहिणारा प्रत्येक जण उद्धृत करतो. ते प्रदर्शन पाहिलेली माणसं आता फारशी राहिली नाहीत. छापलेला कागद राहिला. त्या वेळी तो रद्दीत देण्यासारखाच दिसत असणार.

एक विनंती: कागदांच्या समासात पाहा. अण्णांनी काही लिहिलंय का?

गिरगावकर_जुना | १० मे, दुपारी ३:४०

शाईचा डाग यांना +१०००.

जहांगीर १९५२ला सुरू झालं. आमच्या वडिलांच्या पिढीला चित्र पाहायला पैसे लागत नाहीत ही गोष्टच नवी होती. सुटीच्या दिवशी आम्ही भावंडं आधी प्रदर्शन, मग बाहेरच्या फुटपाथवर बसणाऱ्यांची चित्रं, आणि वडिलांच्या खिशात असेल तर जहांगीरमधल्याच समोवार कॅफेत एक पुदिना चहा तिघांत. तुमचे अण्णा आम्ही तिथे पाहिलेही असतील.

पावसाळी | १० मे, दुपारी ४:०२

समोवार! १९६४ ते २०१५. ती लांबट, रेल्वेच्या डब्यासारखी जागा, आणि एका बाजूला हिरवळ. माझ्या ताईचं लग्न तिथल्याच एका टेबलावर ठरलं. मुलाने चित्रांविषयी तिचं मत विचारलं, आणि तिने खरं सांगितलं की तिला एकही आवडलं नाही. त्यालाही आवडलं नव्हतं.

गिरगावकर_जुना | १० मे, दुपारी ४:११

मग कॅटलॉग घेतला का त्यांनी?

पावसाळी | १० मे, दुपारी ४:१५

घेतला. अजून आहे. तारखेसाठी.

फर्मा_सोळा | १० मे, रात्री ९:४८

मी ३४ वर्षं ऑफसेट छपाईत काढली. त्यातली बरीचशी चित्रांची पुस्तकं, कॅलेंडर आणि कॅटलॉग छापण्यात. दोन गोष्टी सांगतो, एक रानजाईताईंसाठी आणि एक नेटकरांसाठी.

ताई, तुम्ही जूनमध्ये घर हलवताय. जाड कॅटलॉग आर्ट पेपरवर असतात. त्या कागदावर पांढऱ्या मातीचा लेप असतो, म्हणून तो चकचकतो. तो भिजला आणि तसाच दाबून वाळला की पानं एकमेकांना चिकटून वीट होते, मग जगातला कोणी ती सोडवू शकत नाही. कितीतरी चांगली पुस्तकं मी अशी गेलेली पाहिली आहेत. म्हणून टेम्पोत ती ताडपत्रीच्या भरवशावर टाकू नका. खोक्याला आतून प्लास्टिक लावा, खोकं लहान घ्या, पुस्तकं आडवी ठेवा. चुकून भिजलंच तर वाळू देऊ नका: ओलं असतानाच प्रत्येक पानात साधा पांढरा कागद घाला. तेवढा वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये ठेवा. ऐकायला विचित्र वाटेल, पण गोठलेलं पुस्तक चिकटत नाही आणि बुरशीही धरत नाही. तुम्हाला सवडीने एकेक काढून वाळवता येतं.

घडीच्या कागदांच्या पिना गंजल्या असतील. ओढू नका. मागून पाय सरळ करून हळूच काढा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. आत वर्तमानपत्राची कात्रणं असतील तर वेगळ्या पाकिटात ठेवा. वर्तमानपत्राच्या कागदातलं आम्ल शेजारच्या पानावर तपकिरी डाग पाडतं. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात ती भिंत घामेजते.

आता नेटकर. तुम्ही म्हणता पडद्यावर जास्त दिसतं. जास्त दिसतं, पण कोणता रंग दिसतो? माझा पडदा वेगळा, तुमचा वेगळा. छापताना आमच्याकडे चित्राच्या फोटोत कडेला रंगपट्टी ठेवलेली यायची, तिच्याशी प्रूफ ताडायचं. चित्रकार किंवा म्युझियमचा माणूस यंत्रापाशी उभा असायचा आणि आम्ही ताव घेऊन खिडकीपाशी जायचो, ट्यूबलाइटखाली पाहायचो नाही. कधी एका फर्म्यासाठी, म्हणजे सोळा पानांसाठी, दिवस जायचा. लघुचित्रातलं सोनं चार शाईंत येतच नाही, पिवळट मातकट होतं. त्यासाठी पाचवी, धातूची शाई घ्यावी लागते आणि ती महाग. त्यामुळे खर्चाला भिणारा प्रकाशक सोनं सोडतो. कॅटलॉग हातात घ्याल तेव्हा पान तिरकं धरून पाहा. सोनं चमकलं तर समजा कोणीतरी त्या पुस्तकासाठी भांडलं होतं.

नेटकर_ठाणे | १० मे, रात्री १०:३०

फर्मासाहेब, खिडकीपाशी ताव घेऊन जाण्याचं वाचून मी माझा माळ्यावरचा एक खाली काढला. तिरकं धरून पाहिलं. सोनं नाही. मातकट.

पण माझा जागेचा मुद्दा कायम.

कुंचला | ११ मे, सकाळी ८:०५

रंगांवरून आठवलं. चित्रकार गायतोंडे. न्यूयॉर्कच्या गुगनहाइममध्ये २०१४-१५ला त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. मी काही तिकडे जाऊ शकले नाही, मैत्रिणीने कॅटलॉग आणून दिला. चांगलाच छापलेला आहे. पण मी गायतोंड्यांची चित्रं मुंबईत समोर उभं राहून पाहिली आहेत. त्यांच्या रंगाचे थर एकावर एक असतात, आतला थर बाहेरच्यातून दिसतो, पाण्याखालची वाळू दिसावी तसा. छापील पानावर तो एकच रंग होतो. मी त्या पुस्तकाकडे पाहते तेव्हा मला चित्र दिसत नाही, पाहिलेलं चित्र आठवतं. ज्याने पाहिलंच नाही त्याला ते पान फसवतं.

आणि आकार! पुस्तकात सगळी चित्रं तळहाताएवढी. मी एक करते: कॅटलॉगमध्ये लिहिलेली उंची-रुंदी घेऊन वर्तमानपत्राचे कागद जोडून तेवढा चौकोन भिंतीवर चिकटवते. मग पुस्तक समोर धरून पाहते. पहिल्यांदा केलं तेव्हा कागद पंख्यापर्यंत गेला.

नालासोपारावाली | ११ मे, दुपारी १२:१५

मूळ प्रश्न: कॅटलॉग घेता का, आणि उघडता का? आयुष्यात एकच घेतलाय आणि तो फाटेपर्यंत उघडलाय.

२०१७च्या नोव्हेंबरात आपल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात 'इंडिया अँड द वर्ल्ड' हे प्रदर्शन लागलं. ब्रिटिश म्युझियम, दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय आणि आपलं म्युझियम यांनी मिळून केलेलं, सुमारे २०० वस्तू. थाळीफेक करणारा तो संगमरवरी पुतळा सगळ्यांनी पाहिला, फोटो काढले. मी मुलीला घेऊन गेले होते, ती तेव्हा सहावीत. आणि एका ठिकाणी अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा होता. खाली लिहिलं होतं: सोपारा.

ताई-दादांनो, आम्ही नालासोपाऱ्याचे. आमच्या गावाचं नाव काढलं की लोक विरारच्या गाडीवर विनोद करतात. आणि इथे जगभरच्या राजांच्या वस्तूंमध्ये आमच्या गावचा दगड. पंडित भगवानलाल इंद्रजींना तो सोपाऱ्यात १८८२ साली मिळाला होता, हे मी नंतर वाचलं. मुलगी त्याच्यासमोरून हलेना. ब्राह्मी अक्षरं बोटाने हवेत गिरवत होती.

बाहेर येऊन कॅटलॉग घेतला. महिन्याचं गणित बिघडलं, ते मी कसं जुळवलं ते माझं मला माहीत. तो शाळेत गेला, शेजाऱ्यांकडे गेला, गणपतीत आमच्या मंडळाच्या मांडवात साखळीने बांधून ठेवला होता. सोपाऱ्याच्या पानाचा कोपरा काळा झालाय बोटांनी. बाकीची पानं कोरी आहेत.

सदू_डोंबिवली | ११ मे, दुपारी १२:४०

नालासोपारावाली, साखळीने बांधलेला कॅटलॉग! माझ्याकडून त्या मंडळाला पुढच्या वर्षीची वर्गणी.

परळकर_मास्तर | ११ मे, संध्याकाळी ६:२०

एक गोष्ट कोणी काढली नाही म्हणून काढतो. हे सगळे कॅटलॉग इंग्रजीत का?

महादेव विश्वनाथ धुरंधरांनी आपल्या आठवणी मराठीत लिहिल्या: 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे', १९४०. प्रभाकर बरव्यांनी 'कोरा कॅनव्हास' मराठीत लिहिलं, १९९०. म्हणजे चित्राबद्दल मराठीत खोलवर बोलता येतं हे चित्रकारांनीच दाखवून दिलंय. त्याच चित्रकारांची प्रदर्शनं मुंबईत भरतात, मराठी माणसं पाहायला येतात, आणि हातात पडतं ते इंग्रजी.

मागे आईला एका मोठ्या प्रदर्शनाला नेलं होतं. तिला वाचायला भारी आवडतं. भिंतीवरचा मजकूर सगळा इंग्रजी. मी तिच्या कानाशी मराठीत सांगत चाललो. तिसऱ्या खोलीत लक्षात आलं की मागे पाच-सहा माणसं ऐकत उभी आहेत. एक आजोबा म्हणाले, जरा मोठ्याने सांगा की. शेवटच्या खोलीपर्यंत पंधरा जण झाले होते. सुरक्षारक्षकही त्यात होता. तो रोज आठ तास त्या चित्रांसमोर उभा असतो आणि ती कशाची आहेत हे त्याला त्या दिवशी कळलं. बाहेर दुकानात विचारलं, मराठीत काही आहे का? नव्हतं. आईने एक पोस्टकार्ड घेतलं.

नेटकर_ठाणे | ११ मे, संध्याकाळी ६:५५

मास्तर, भावना पोचल्या. पण अडीच हजारांचा मराठी कॅटलॉग किती जण घेतील? मराठीत कादंबरीची आवृत्ती संपायला वर्षं लागतात.

परळकर_मास्तर | ११ मे, संध्याकाळी ७:१०

अडीच हजारांचा कोण मागतंय? दोन फर्म्यांचा करा, ३२ पानं, शंभर रुपये. माझ्या मागच्या पंधरा जणांनी जागेवर घेतला असता. फर्मासाहेब, निघेल का शंभरात?

फर्मा_सोळा | ११ मे, रात्री ८:३२

हजार प्रती असतील, चित्रांचे फोटो म्युझियमकडे तयार असतील आणि जाड पुठ्ठ्याचा हट्ट नसेल, तर निघेल. खर्च छपाईचा नसतो हो. लिहिणारा आणि मुद्रितशोधन करणारा माणूस बसवायला पाहिजे.

लेखणी_दादर | ११ मे, रात्री १०:०५

तो लिहिणारा माणूस मी होते एकदा, एका प्रदर्शनाच्या पाट्यांसाठी. एका पाटीला ६० शब्द. माध्यमांचीच नावं घ्या. 'कागदावर अपारदर्शक जलरंग' लिहिलं की बरोबर असतं, पण वाचणारा तिथेच पाठ फिरवतो. शेवटी मी एका पाटीवर लिहिलं: दगड, माती आणि झाडांपासून केलेले रंग, डिंकात खलून. ते राहू दिलं त्यांनी.

'लघुचित्र' या शब्दावर तर मी दोन दिवस घालवले. आपण मिनिएचरचं लघुचित्र केलं, आकार लहान म्हणून. पण मूळ शब्दाचा आकाराशी संबंधच नाही. लॅटिनमध्ये मिनियम म्हणजे शेंदूर. हस्तलिखितांतली अक्षरं शेंदराने रंगवायचे, त्यावरून तो शब्द आला. म्हणजे आपल्या मारुतीचा शेंदूर आणि तो शब्द एकाच डबीतले. हे मला पाटीवर लिहायचं होतं, ६० शब्दांत बसलं नाही. कॅटलॉग असता तर एक पान मागून घेतलं असतं. कॅटलॉगचा खरा उपयोग मला तरी हाच वाटतो: भिंतीवर जे मावत नाही ते सांगायला जागा.

परळची_पोर | ११ मे, रात्री १०:२२

शेंदूर!! हे मी उद्या माझ्या आठवीच्या वर्गात सांगणार. वाचनखूण साठवली.

अजिंठ्याचा_भक्त | १२ मे, सकाळी १०:३०

नेटकरांचा "जागा नाही" हा मुद्दा वाजवी आहे, तरी एक जुनी हकीकत ऐका.

रॉबर्ट गिल नावाचा मद्रास पलटणीतला अधिकारी १८४०च्या दशकात अजिंठ्याला आला आणि वर्षानुवर्षं लेण्यांतल्या चित्रांच्या तैलरंगात प्रतिकृती करत राहिला. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या, आणि १८६६च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन गेले. १८७२ ते १८८५, मोसमामागून मोसम. पेस्तनजी बोमनजींसारखी मुंबईची पोरं त्या अंधाऱ्या लेण्यांत बसून रंगवत होती. त्याही लंडनला गेल्या. १८८५ साली साउथ केन्सिंग्टनला आग लागली आणि त्यातल्याही बऱ्याच गेल्या.

दोनदा मांडलं, दोनदा जळालं. ग्रिफिथ्सनी १८९६-९७ला दोन खंडांचा ग्रंथ छापला. जळालेल्या कामातलं काय वाचलं, कसं होतं, ते आपण आज त्या पानांवर पाहतो. तोवर मूळ भिंतींवरचा रंगही बराच झडला होता. मी ते खंड एकदाच, ग्रंथालयात, हात धुऊन पाहिले आहेत. त्या मुलांची नावं मोठ्याने वाचावीशी वाटली.

रानीबागेजवळ | १२ मे, सकाळी ११:१८

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडलं हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच्या आधीच्या सरकारी संग्रहाचा एक कॅटलॉग जॉर्ज बर्डवुडने १८६२ सालीच छापला होता, आणि त्यात चित्रं-बित्रं नाहीत. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतिजन्य मालाची यादी आहे: धान्यं, तेलबिया, डिंक, रंग. संग्रहालय म्हणजे बाजारात काय-काय पिकतं ते दाखवायची जागा, असा तेव्हाचा हिशेब. लेखणी ताई, तुमचे डिंक आणि झाडांचे रंग तिथे सापडावेत.

आम्ही घराजवळ म्हणून मुलांना हत्ती दाखवायला जातो. शेजारच्या राणीच्या बागेतले जिवंत हत्ती नव्हेत, संग्रहालयाच्या अंगणातला, घारापुरीचा दगडी हत्ती.

कायदा_काका | १२ मे, दुपारी २:००

दोन कामाच्या गोष्टी.

एक, फोटो काढून नेटवर टाकण्याआधी: आपल्याकडे चित्रावर चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. धुरंधर १९४४ला गेले, त्यांची चित्रं मोकळी आहेत. गायतोंडे २००१ला गेले, त्यांची २०६१अखेरपर्यंत नाहीत. स्वतःच्या अभ्यासासाठी घरात फोटो काढून ठेवायला कोणी अडवत नाही.

दोन, १९५४च्या पुस्तक प्रदान कायद्याने प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि इतर ठरलेल्या ग्रंथालयांत द्यायची असते. त्यात आपलं टाउन हॉलमधलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही येतं. म्हणजे जाडे कॅटलॉग तिथे असण्याची शक्यता बरी. घडीचे कागद तिथे कोणी नेऊन दिले असतील असं मला वाटत नाही. शाईचा डाग यांना अनुमोदन.

देणगी द्यायची असेल तर खोकी घेऊन दारात जाऊ नका. आधी यादी करा. वर्ष, चित्रकार, ठिकाण, पानं. यादी पाहिल्यावरच ग्रंथालय हो-नाही सांगतं.

रानजाई | १५ मे, रात्री १२:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण शाईचा डाग यांच्या सांगण्यावरून समास पाहायला बसले आणि तीन रात्री तिथेच गेल्या.

लिहिलंय. जवळजवळ प्रत्येकावर लिहिलंय, शिसपेन्सिलीने, बारीक. आणि काय लिहिलंय ते मला आधी कळेना. ६४ सालच्या एका कागदावर काळं-पांढरं छापलेलं निसर्गचित्र आहे, अंगठ्याएवढं. त्याच्या भोवती चार बाण काढलेत. एका बाणापाशी: "शेवाळी, ओलं." दुसऱ्यापाशी: "कच्ची हळद." तिसऱ्यापाशी: "इथे कॅनव्हास उघडाच ठेवलाय!" चौथ्यापाशी: "हा निळा घरी जमेल का? पुन्हा शनिवारी येणे." खाली यादीत त्या चित्रापुढे ४०० रुपये आणि कडेला "लाल टिकली लागली", म्हणजे विकलं गेलं.

छपाईत रंग नव्हते, म्हणून अण्णा चित्रासमोर उभं राहून रंग लिहून आणत होते. प्रत्येक कागदावर. सत्तरच्या, ऐंशीच्या दशकांत. रंगीत छपाई आल्यावरसुद्धा थांबले नाहीत, मग लिहिलंय: "छापलेला लाल खोटा. खरा विटकरीकडे झुकणारा."

२००२ साली पिकासोचं प्रदर्शन राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आलं होतं, तेव्हाच्या एका कागदावर फक्त एवढंच आहे: "दोनदा पाहिलं. वर घुमटाखाली बसून राहिलो."

माझ्या मुलीने फोटो काढायला सुरुवात केली होती. ७४ सालचा कागद आला तेव्हा ती थांबली आणि रंगपेटी घेऊन आली. एका चित्राभोवतीचे आजोबांचे शब्द वाचून तिने तो अंगठ्याएवढा तुकडा वहीत मोठा करून रंगवला. बरोबर की चूक, सांगायला कोणी नाही.

शाईचा_डाग | १५ मे, सकाळी ६:३०

ताई, मी रडतेय. हे एकही पान कुठे देऊ नका, निदान मी पाहेपर्यंत. काळ्या-पांढऱ्या छपाईच्या काळातल्या चित्रांचे रंग कोणीतरी समोर उभं राहून लिहिलेत, हे आमच्या क्षेत्रात किती दुर्मिळ आहे ते तुम्हाला कसं सांगू. त्यातली कितीतरी चित्रं आज कुठे आहेत हेही कोणाला माहीत नसेल.

नेटकर_ठाणे | १५ मे, सकाळी ८:१५

रानजाई, माझा जागेचा मुद्दा मी मागे घेतो. दहिसरला जागा कमी पडली तर माझ्याकडे ठाण्यात एक कोरडी, आतल्या भिंतीची खोली आहे. दोन वर्षं, चार वर्षं, तुमची इमारत उभी राहीपर्यंत. जाडे कॅटलॉग माझ्याकडे ठेवा, पातळ तुमच्याजवळ असू देत. मी तिरके धरून सोनं तपासत बसेन.

रानजाई | १५ मे, रात्री १०:४०

नेटकर, घेतला तुमचा शब्द. नवऱ्याशी बोलले. ठरलंय असं: कायदा काकांनी सांगितल्याप्रमाणे यादी. कालपासून २१८ कागद उतरवून झाले, अजून निम्मं कपाट आहे. अण्णांनी लिहिलेले सगळे कागद आमच्याकडेच राहणार, पलंगाखाली, सपाट खोक्यांत. आर्ट सोसायटीच्या काही पुस्तकांच्या दोन-दोन प्रती आहेत, त्यातली एकेक ग्रंथालयाला विचारून देणार. शाईचा डाग, तुम्ही कधीही या, फक्त जेवून येऊ नका.

फर्मासाहेब, पिना गंजल्यात आणि काहींची घडी उघडताना तुटतेय. मला धीर होत नाही.

फर्मा_सोळा | १५ मे, रात्री १०:५८

हात लावू नका. रविवारी दहाच्या सुमारास येतो. हाडाची पट्टी, आम्ल नसलेला कागद आणि बारीक चिमटा माझ्याकडे आहे. दोघी मायलेकी बसा शेजारी, पाचपन्नास कागदांत हात बसेल. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, आणि चाळीत कोणत्या जिन्याने वर यायचं तेही लिहा.